एका फोटोमागचं गणित आणि एका पेपरमागची गोष्ट: दामोदर कोसंबी

समजा, तुम्ही वरवे बुद्रुकच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे आहात. पुणे-सातारा हायवेवर गाड्या सुसाट चालल्यात. तुम्ही एक फोटो काढला आणि मित्राला पाठवला. कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती भलतीच मोठी असते, पण पाठवलेली फाईल असते अगदी छोटी. तरीही मित्राला फोटो नीट दिसतो. मग मधली सगळी माहिती गेली कुठे?

या प्रश्नाच्या उत्तरात एक जुना गणिती पेपर लपलाय. तो १९४३ साली छापून आला, तेव्हा त्याचा लेखक पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होता. लेखकाचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबी हे नाव बऱ्याच जणांनी इतिहासाच्या पुस्तकात ऐकलेलं असतं. पण हा माणूस मुळात गणितज्ञ होता. आज जगभरात संशोधक नवा पेपर छापून आला की त्यामागची गोष्टही सांगतात. कल्पना कशी सुचली, कुठे अडलो, काय चुकलं, असं सगळं. पेपर म्हणजे संशोधकाने आपलं काम सविस्तर मांडलेला लेख. त्यात शेवटचं उत्तर असतं, तिथवर पोहोचतानाची धडपड नसते. कोसंबींनी आयुष्याच्या शेवटच्या काळात अशीच आपल्या संशोधनामागची गोष्ट एका लांब निबंधात लिहून ठेवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात आली.

आज आपण त्यांच्या पाच पेपरांच्या मागे डोकावणार आहोत. त्यातला एक गमतीचा आहे, एक मोठ्या चुकीचा. चला, सुरू करूया.

आधी थोडी ओळख: गोवा, पुणे आणि थेट अमेरिका

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. शिकायची ओढ एवढी की ते घर सोडून बाहेर पडले आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असं फिरत शिकले. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायचे, त्यामुळे दामोदरचं लहानपण पुण्यात गेलं.

धर्मानंदांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावणं आलं. १९१८ मध्ये ते तिकडे निघाले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर सोबत होता. तिथेच त्याचं शाळेचं शिक्षण झालं आणि पुढे हार्वर्डमध्येच प्रवेश मिळाला. गणिताचे नामवंत प्राध्यापक जॉर्ज बर्कहॉफ तिथे होते. या मुलाने फक्त गणित करावं असं त्यांना वाटायचं. पण पठ्ठ्या गणिताबरोबर भाषा आणि इतर विषयही शिकत राहिला. १९२९ मध्ये तो अतिशय उत्तम गुणांनी पदवीधर झाला.

पुढे तिथेच पीएचडी झाली असती तर वाट सरळ होती. तसं झालं नाही. कोसंबी भारतात परतले आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले. पीएचडी त्यांनी कधीच केली नाही.

पहिली गोष्ट: जो माणूस नव्हताच, त्याचं प्रमेय

१९३१ च्या सुमारास कोसंबी अलीगढच्या विद्यापीठात गेले. त्यांना बोलावणारा होता आंद्रे वेल नावाचा तरुण फ्रेंच गणितज्ञ. पुढे तो विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक ठरला.

तिथल्या एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून वेलने कोसंबींना एक खोडी सुचवली. एक पेपर लिहायचा आणि त्यात बुर्बाकी नावाच्या, कुणीच न ऐकलेल्या रशियन गणितज्ञाचा हवाला द्यायचा. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. कोसंबींनी खरंच तसा पेपर लिहिला आणि तो उत्तर प्रदेशातल्या एका विज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापूनही आला. त्या प्रांताला तेव्हा संयुक्त प्रांत म्हणायचे.

गंमत पुढे आहे. काही वर्षांनी वेल आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी एकत्र येऊन गणिताची पाठ्यपुस्तकं लिहायला घेतली. सगळ्यांनी मिळून एकच टोपणनाव घेतलं: निकोला बुर्बाकी. या नावाने निघालेल्या ग्रंथांनी जगभर गणित शिकवायची पद्धत बदलली. आणि हे नाव गणिताच्या छापील पेपरात पहिल्यांदा आलं ते कोसंबींच्या त्या खोडकर पेपरात.

पण या गमतीत एक गंभीर गोष्टही दडलीय. छापून आलं म्हणजे खरंच असेल, असं धरून चालायचं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

दुसरी गोष्ट: योग्य माणसाने वाचलेला पेपर

१९३३ च्या सुमारास कोसंबी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात आले. त्या काळात ते भूमितीवर काम करत होते. एखादी वस्तू कोणत्या वाटेने जाईल हे सांगणारी समीकरणं हातात असतील, तर त्या वाटांवरूनच अख्ख्या अवकाशाची भूमिती उभी करता येईल का? हा त्यांचा प्रश्न. हायवेवरच्या गाड्यांचे फक्त जीपीएस ट्रॅक बघून कुठे चढ आहे, कुठे वळण आहे हे ओळखण्यासारखंच काहीसं.

हे काम त्यांनी एका नावाजलेल्या जर्मन गणित नियतकालिकाकडे पाठवलं. १९३३ मध्ये ते छापून आलं आणि त्याच्या लगेच पुढच्या पानांवर एली कार्तान यांची टिप्पणी होती. कार्तान म्हणजे त्या काळातले भूमितीचे सर्वात मोठे नाव. विशीतल्या पुणेकर प्राध्यापकाचा पेपर त्यांनी वाचला आणि त्याच अंकात त्यावर लिहिलं. पुढे चिनी गणितज्ञ चर्न यांनी ते काम पुढे नेलं. आज हा विषय कोसंबी-कार्तान-चर्न अशा तिघांच्या नावाने ओळखला जातो.

इथे काय झालं बघा. पेपर योग्य ठिकाणी छापला गेला, योग्य माणसाच्या हातात पडला आणि काम पुढे सरकलं. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिकही मिळालं. पण दर वेळी नशीब असं साथ देत नाही.

तिसरी गोष्ट: तुमच्या फोटोच्या आत बसलेला १९४३ चा पेपर

आता येऊ सुरुवातीच्या प्रश्नाकडे.

हायवेवरची मिसळ आठवा. दहा हॉटेलांची मिसळ खाल्ली आणि प्रत्येकीचं वर्णन करायचंय. प्रत्येक दाणा, प्रत्येक शेव मोजत बसलात तर वही भरेल. त्यापेक्षा सोपा मार्ग काय? आधी एक सरासरी मिसळ धरायची. मग प्रत्येक हॉटेलसाठी दोन-तीनच आकडे लिहायचे: तर्री किती जास्त, फरसाण किती कमी, रस्सा किती पातळ. एवढ्यावर तुम्हाला मिसळ बऱ्यापैकी ओळखता येते. बाकीचे बारीक फरक सोडून दिले तरी चालतात.

पण खरा प्रश्न पुढे आहे. ते दोन-तीन आकडे कशाकशाचे घ्यायचे? तर्रीचा घ्यायचा की कांद्याचा? कमीत कमी आकड्यांत जास्तीत जास्त फरक पकडता यावा अशी निवड कशी करायची?

कोसंबींनी हाच प्रश्न वेड्यावाकड्या आलेखांसाठी सोडवला. आवाजाची लहर, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, दिवसभराचं तापमान, असे आलेख दर वेळी थोडे वेगळे निघतात. अशा आलेखांच्या ढिगाऱ्यातून मूळ आकार कसे शोधायचे, म्हणजे त्यांची कमी-जास्त बेरीज करून कुठलाही आलेख परत तयार करता येईल, हे त्यांनी गणिताने मांडलं. हे आकार आधीपासून ठरलेले नसतात. ते माहितीच्या पोटातूनच निघतात, आणि महत्त्वाच्या क्रमाने निघतात. त्यामुळे पहिले थोडे ठेवले आणि बाकीचे सोडले तरी चित्र फारसं बिघडत नाही.

हा पेपर १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापून आला. साल बघा. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. युरोपात हा अंक किती जणांच्या हाती पडणार?

त्यानंतर काही वर्षांतच फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी आपापल्या वाटेने हेच गणित मांडलं. कुणी कुणाचं चोरलं नव्हतं. पण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते कारहुनेन-लोएव्ह या नावाने रुळलं. पुढे काही अभ्यासकांनी कोसंबींचं नाव पुढे जोडायला सुरुवात केली, पण आजही बहुतेक इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत ते नसतं.

मग याचा फोनशी संबंध काय?

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण सोशल मीडियावर असल्या गोष्टी फुगवून सांगितल्या जातात.

पहिली गोष्ट फोटोची. फोटोची माहिती आवळण्यासाठी कारहुनेन-लोएव्ह पद्धत गणिताच्या दृष्टीने उत्तम आहे. अडचण एवढीच की प्रत्येक नव्या माहितीसाठी मूळ आकार पुन्हा शोधावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी एक सोपी, झटपट पद्धत छापली. तिच्यात मूळ आकार आधीच ठरलेले असतात. ती किती चांगली आहे हे दाखवताना त्यांनी तुलना कशाशी केली? याच कारहुनेन-लोएव्हशी. त्यांची पद्धत तिच्या अगदी जवळ पोहोचत होती. जेपीईजी फोटो आजही त्याच पद्धतीवर चालतात: फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातले महत्त्वाचे आकार ठेवायचे आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून द्यायचे. वरवे फाट्यावर तुम्ही पाठवलेल्या फोटोतली माहिती गेली ती इथे.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. १९८७ मध्ये सिरोविच आणि कर्बी या दोघांनी हेच गणित माणसांच्या चेहऱ्यांना लावलं. एक सरासरी चेहरा, त्यात थोडं हे, थोडं ते मिसळलं की कुणाचाही चेहरा थोड्या आकड्यांत मांडता येतो. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलंड यांनी त्यावरून चेहरा ओळखणारा प्रोग्रॅम बनवला. आजच्या फोनमधलं फेस अनलॉक यापेक्षा बरंच पुढे गेलंय, ते वेगळ्या पद्धतीने चालतं. पण संगणकाला चेहरे ओळखायला शिकवण्याच्या प्रवासातला हा एक महत्त्वाचा टप्पा होता.

थोडक्यात, कोसंबींनी जेपीईजी शोधलं असं कुणी फॉरवर्ड केलं तर ते चूक. पण ज्या मापाने अशा पद्धती मोजल्या गेल्या, ते माप सर्वात आधी मांडणाऱ्यांत फर्ग्युसनचा हा प्राध्यापक होता, हे मात्र खरं.

चौथी गोष्ट: चार पानं आणि भाताचं पीक

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, कोसंबींचा अवघ्या चार पानांचा एक पेपर लंडनच्या एका नियतकालिकात आला. विषय होता जनुकशास्त्र. गणितज्ञाचा इथे काय संबंध?

जनुकं गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी एका ओळीत असतात. पुढची पिढी तयार होताना दोन माळांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. दोन मणी एकमेकांपासून जितके लांब, तितकी त्यांच्या मध्ये तुटायची शक्यता जास्त. म्हणजे किती वेळा ताटातूट झाली हे मोजलं की मण्यांमधलं अंतर कळायला हवं. पण इथे एक गोची आहे. अंतर मोठं असेल तर मध्ये दोनदा तुटू शकतं, मग दोन्ही मणी पुन्हा एकत्रच दिसतात आणि आपण फसतो. शिवाय एका जागी तुटलं की त्याच्या अगदी शेजारी पुन्हा तुटायची शक्यता बहुधा कमी होते.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये पहिल्या अडचणीवर सूत्र दिलं होतं, पण शेजारच्या तुटण्याचा परिणाम त्यात धरलेला नव्हता. कोसंबींच्या सूत्राने तो धरला. सूत्र छोटं, सुटसुटीत आणि कामाचं होतं, त्यामुळे ते टिकलं.

भोर-वेल्ह्याच्या खाचरांत तुम्ही भात बघत मोठे झाला असाल. भाताच्या, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ रोगाला तोंड देणारं जनुक कुठे आहे हे शोधायला जनुकांचा नकाशा बनवतात. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही एक पर्याय निवडावा लागतो: हाल्डेन की कोसंबी. ऐंशी वर्षांनंतरही चार पानांचा पेपर मेनूमध्ये बसलाय, यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं?

मधली मोठी गोष्ट: खिशातली नाणी

आता कोसंबींच्या सगळ्या कामातली सर्वात भन्नाट गोष्ट. ती एका पेपरची नाही, वर्षानुवर्षं चाललेल्या कामाची आहे.

कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं. नुसती पुस्तकं वाचून नाही, खऱ्या प्रश्नावर हात मारून. म्हणून त्यांनी जुनी नाणी घेतली. भारतातली सर्वात जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या चपट्या तुकड्यावर ठसे मारलेले असायचे: सूर्य, प्राणी, झाडं, डोंगर. राजाचं नाव नाही, साल नाही. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे ओळखणार कसं?

कोसंबींचं डोकं असं चाललं. नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. प्रत्येक व्यवहारात किंचित धातू जातो. एकट्या नाण्याकडे बघून काही कळत नाही, कारण टाकसाळीतून निघतानाच प्रत्येकाचं वजन थोडं मागेपुढे असतं. पण एकाच प्रकारची शेकडो नाणी वजन केली तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी असेल. आणि त्यांच्या वजनांतला आपापसातला फरक जास्त असेल, कारण काही नाणी खूप फिरली, काही कमी.

हे नुसतं डोक्यात ठेवून चालणार नव्हतं. त्यांनी आधी आपल्या काळातली, बाजारात फिरणारी नाणी घेतली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, म्हणजे नाण्याचं वय आधीच माहीत. ती अचूक काट्यावर एकेक करून तोलली. हजारो नाणी! हिशोब जुळला. मग तेच तंत्र त्यांनी प्राचीन नाण्यांना लावलं.

तक्षशिलेत सापडलेल्या एका मोठ्या ठेव्याने त्यांना खूप साथ दिली. त्या ठेव्यात अलेक्झांडरचंही नाणं होतं, त्यामुळे तो साधारण कधी पुरला गेला हे कळत होतं. या नाण्यांच्या मागच्या बाजूला छोटे-छोटे ठसे असायचे, ते नाणं चलनात असताना अधूनमधून तपासणाऱ्यांनी मारलेले. कोसंबींना दिसलं की मागचे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी, आणि तेही ठरावीक प्रमाणात. म्हणजे मागचे ठसे हे जणू नाण्याच्या वयाचे वाढदिवस.

यातून नाण्यांचा क्रम लावता आला. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: ही नाणी पाडली कुणी? त्यासाठी राजवंश हवेत, राजवंशांसाठी जुने ग्रंथ हवेत, ग्रंथांसाठी संस्कृत हवं. कोसंबी त्यातही उतरले. भर्तृहरीच्या नावावरच्या सुभाषितांची अनेक हस्तलिखितं ताडून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. ग्रंथांतूनही सगळं मिळेना, तेव्हा ते पायी फिरू लागले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, घाट, लेणी, गावाबाहेरची देवीची ठाणी. दगडाची बारीक अश्मयुगीन हत्यारं त्यांना टेकड्यांवर सापडली. १९५६ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाने भारताचा इतिहास लिहायची पद्धतच बदलली. राजांच्या याद्यांऐवजी लोक काय पिकवत होते, कुठल्या वाटेने व्यापार करत होते, हे प्रश्न पुढे आले.

बघा, सुरुवात कुठे होती आणि शेवट कुठे झाला. संख्याशास्त्र शिकायला घेतलेला काटा त्यांना इतिहासात घेऊन गेला. ही साखळी कुठल्याही एका पेपरात दिसत नाही. ती कळली ती त्यांनी स्वतः मागची गोष्ट लिहून ठेवली म्हणून. नाण्यांच्या या शास्त्रावरचा त्यांचा सोपा लेख अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात फेब्रुवारी १९६६ मध्ये आला.

पाचवी गोष्ट: चुकलेला पेपर

आता ती गोष्ट, जी सांगायला अवघड आहे.

१९४५-४६ मध्ये होमी भाभांनी कोसंबींना मुंबईच्या नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबी पुण्यातच राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. १९४८-४९ मध्ये ते अमेरिका आणि इंग्लंडला जाऊन आले आणि तेव्हा नव्यानेच तयार होत असलेल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांचा त्यांनी अभ्यास केला.

पुढे त्यांना मूळ संख्यांनी झपाटलं. २, ३, ५, ७, ११ अशा संख्या, ज्यांना एक आणि स्वतः सोडून कुणीही भाग जात नाही. या संख्या कशा विखुरल्या आहेत याबद्दल बर्नहार्ड रीमान यांनी १८५९ मध्ये एक अंदाज मांडला होता. तो आजही सिद्ध झालेला नाही. २००० साली अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने त्यावर १० लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं, ते अजून कुणी नेलेलं नाही.

कोसंबींना वाटलं की संख्याशास्त्राची हत्यारं इथेही चालतील. नाण्यांवर चालली होती, जनुकांवर चालली होती. १९५९ मध्ये त्यांचा पेपर आला, ज्यात रीमानचा अंदाज सिद्ध होतो असा दावा होता. तो छापून आला कुठे? भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात. मूळ संख्यांवर काम करणारे गणितज्ञ हे नियतकालिक उघडूनही बघत नसत.

सिद्धता चुकीची होती. नेमकं कुठे घसरलं ते सोप्या शब्दांत सांगायचं तर असं. नाणं उडवलं तर छापा-काटा साधारण निम्मे-निम्मे पडतात. हे योगायोगाच्या खेळांबद्दल ठामपणे सांगता येतं. पण मूळ संख्या योगायोगाने पडलेल्या नाहीत, त्या ठरलेल्या आहेत. बहुतेक वेळा असं होतं, यावरून या एका ठरलेल्या यादीतही तसंच होतं, असं म्हणता येत नाही. मधली पायरी भक्कमपणे जोडावी लागते. ती जोडली गेली नव्हती.

कोसंबींनी हा नाद सोडला नाही. मूळ संख्यांवर ते लिहितच राहिले, काही पेपर तर एस. ड्युक्रे अशा टोपणनावाने. पण गणितज्ञांमध्ये त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. यामागे एकच कारण होतं असं नाही. भाभा अणुऊर्जेचा कार्यक्रम उभारत होते, तर भारताला भरपूर मिळणारं ऊन सोडून अणूमागे का लागायचं, असं कोसंबी जाहीरपणे विचारत होते. जागतिक शांतता चळवळीतही ते पुढे होते. दोघांमध्ये अंतर पडलं होतंच, त्यात रीमान प्रकरणाची भर पडली.

१९६४ मध्ये त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत जागा मिळाली. २९ जून १९६६ च्या पहाटे झोपेतच त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ५८.

मग यातून आपण काय घ्यायचं?

पाचही पेपर पुन्हा एकदा डोळ्यासमोर आणा.

१९३१ चा खोडकर पेपर: छापून आला, पण त्यातला माणूसच खोटा होता. १९३३ चा: योग्य जागी छापला, कार्तानने वाचला, काम पुढे गेलं. १९४३ चा: एकदम खरा, पण ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचलाच नाही. १९४४ चा: चारच पानं, पण जनुकशास्त्रज्ञ वाचतात तिथे आली, म्हणून टिकली. १९५९ चा: चुकीचा, आणि चूक दाखवू शकणाऱ्यांच्या नजरेखालून न जाता छापला गेला.

म्हणजे संशोधन पेपर छापून आल्यावर संपत नाही. ते कुणी वाचलं, कुणी तपासलं, कुणी पुन्हा करून बघितलं, यावर सगळं ठरतं. एकच माणूस, तेच तल्लख डोकं. फरक पडला तो समोर तपासणारं कुणी होतं की नव्हतं याने.

हे आज तुमच्या-माझ्यासाठी जास्तच महत्त्वाचं आहे. फोनवर रोज एखादं नवं संशोधन येऊन धडकतं. अमुक खाल्ल्याने तमुक बरं होतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं म्हणे. अशा वेळी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हे कुठे छापून आलं? त्या विषयातल्या लोकांनी ते तपासलं का? दुसऱ्या कुणी पुन्हा करून बघितल्यावर तेच उत्तर आलं का?

आणि संशोधक जेव्हा आपल्या पेपरमागची गोष्ट सांगतात, अपयशासकट, तेव्हा ती आवर्जून वाचा. मोठी माणसंही अडखळतात हे त्यातून कळतं. कोसंबींचे गणिताचे पेपर वेगवेगळ्या देशांतल्या नियतकालिकांत विखुरले होते. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी यांनी त्यातले निवडक पेपर एका ग्रंथात एकत्र आणले. त्यामुळे आता कुणालाही बरोबर निघालेलं आणि चुकलेलं, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.

करून बघा: घरातला कोसंबी प्रयोग

जाता जाता एक गंमत. आता टोलनाक्यावर फास्टॅग आणि टपरीवर क्यूआर कोड, त्यामुळे नाणी डब्यातच पडून असतात. तो डबा काढा.

१. एकाच किमतीची आणि एकाच डिझाईनची नाणी वेगळी करा. सरकारने मधून मधून नाण्यांचं वजन आणि धातू बदललाय, त्यामुळे वेगवेगळ्या प्रकारची नाणी मिसळू नका.

२. नाण्यांवरच्या सालाप्रमाणे गट करा: जुनी एकीकडे, नवी एकीकडे. प्रत्येक गटात निदान वीस-पंचवीस तरी नाणी हवीत.

३. नाणी स्वच्छ पुसा. घासू मात्र नका, नाहीतर झीज तुम्हीच कराल.

४. किचनमधला काटा इथे चालणार नाही, तो एवढा बारीक फरक दाखवत नाही. ओळखीच्या सोनाराला विनंती करा आणि त्याच्या काट्यावर एकेक नाणं तोला. आकडे फोनमध्ये स्प्रेडशीटला भरा.

५. प्रत्येक गटाची सरासरी काढा, आणि सर्वात जड व सर्वात हलक्या नाण्यातला फरकही बघा.

फरक दिसला तर उत्तम. नाही दिसला तरी निराश होऊ नका. स्टीलची नाणी कमी झिजतात, किंवा तुमची नाणी फार फिरलीच नसतील. का नाही दिसला याचा विचार करणं हाही प्रयोगाचाच भाग.

आकडे आल्यावर फक्त निकाल मित्रांना पाठवू नका. कशी मोजली, किती मोजली, कुठे गडबड झाली, तेही लिहा. म्हणजे दुसरं कुणीतरी ते तपासू शकेल.